अकरा नावं

“तिथं उभं राहायचं नाही हं, बाबा,” गाडी पार्क करता करता मी पुन्हा बजावलं. “आर्मीत होते त्यांनाच उभं करतात. कुठली आर्मी विचारलं, तर एक्सप्लेन कोण करणार?”

बाबा “बरं” म्हणाले आणि कानटोपी काढून खिशात ठेवली.

इथे अमेरिकेत, ट्रॉयमधल्या अंतराच्या शाळेत नोव्हेंबरात माजी सैनिकांचा कार्यक्रम असतो. आजोबांनी यायचंच, हा माझ्या लेकीचा हट्ट. बाबा आझाद हिंद सेनेत लेफ्टनंट होते. इंग्रजांशी लढले याचा आपल्याला अभिमान, पण लढले जपान्यांच्या बाजूने, म्हणजे इथल्या आजोबांच्या विरुद्ध. त्यात ते जुळे टॉवर पडून जेमतेम तीन वर्षं झालेली आणि माझ्या ग्रीन कार्डाचा अर्ज लटकलेला. हात दाखवून अवलक्षण कशाला?

तसं घरच्यांनी तरी त्यांना कुठे विचारलं? स्वतंत्र भारताच्या सैन्यात त्यांना जागा मिळाली नाही. सांगलीच्या एका शाळेत त्यांनी एकतीस वर्षं ड्रिल घेतली. त्यांच्या हाताखालचे अकरा जण माघारीच्या वाटेवर, चिंदविन नदीकाठी, तापाने आणि उपासमारीने गेले. “त्यांच्यासाठी कुणी एक मिनिट उभं राहिलं नाही रे,” एवढंच बाबा एकदा बोलले होते. त्यावर मी काय म्हणालो, ते आठवत नाही.

अंतरा मराठी विसरत चाललीय, पण आजोबांचे दोन शब्द तिला पक्के येतात. सकाळी स्कूलबसची वाट बघताना ती ड्राइव्हवेवर “सावधान” म्हणते, की आजोबा ताठ. तिने “विश्राम” म्हटल्याशिवाय ते हलत नाहीत, बस आली तरी.

शाळेच्या जिममध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. मुख्याध्यापिकाबाईंनी माजी सैनिकांना उभं राहायची विनंती केली. सात-आठ म्हातारे उठले, टाळ्या झाल्या. गाणाऱ्या मुलींच्या रांगेतून अंतरा आमच्याकडेच बघत होती. बाबा गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिले. मला हायसं वाटलं, आणि मग स्वतःचीच लाज वाटली.

शेवटी, लढाईत गेलेल्यांसाठी सगळेच उभे राहिले. एका मुलीने ट्रम्पेट वाजवला. तो थांबला तसे सगळे बसले. बाबा बसले नाहीत. मुठी वळलेल्या, अंगठे पँटच्या शिवणीवर, ओठ हलत होते.

मी त्यांची बाही ओढली. “बाबा, झालं. बसा आता.”

“थांब,” ते समोर बघतच म्हणाले. “आत्ता कुठे सहावं नाव झालंय.”

लोक माना वळवून बघायला लागले. बघू देत, म्हटलं, आणि मीही उठून त्यांच्याशेजारी उभा राहिलो. साठ वर्षं उशीर झाला होता, त्यातली बरीचशी माझीच.

अंतरा रांग सोडून आली. त्यांच्यासमोर ताठ उभी राहिली आणि त्यांच्या ओठांकडे बघत राहिली. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. ओठ थांबले तेव्हा ती हळूच म्हणाली, “आजोबा, विश्राम.”

बाबांचा डावा पाय फूटभर बाजूला सरकला.