चित्रातला पूल

"पूल ठेवायचा की पुसायचा, एकदा काय ते ठरवा म्हणावं. माझा निळा रंग संपत आलाय," चित्रकार पुटपुटले. स्वतःशीच, पण मला ऐकू जाईल अशा बेताने.

आमच्याकडे देशाच्या प्रत्येक प्रमुखाची तसबीर सरकारी निवासाच्या जिन्यात लागते, तीही तो पायउतार झाल्यावर. ह्यांना धीर कुठला! लढाई सुरू करून आठवडा होतोय न होतोय तोच चित्रकारांना बोलावणं गेलं. मागे नदी, नदीवर नुकताच जिंकलेला पूल, पुढे हे. ऊन पुलावर आणि सावली ह्यांच्या पोटावर, अशी सोय केलेली.

जिन्यात सगळ्यात वर माझ्या थोरल्या दिरांची तसबीर आहे. ते प्रमुख असताना एक लढाई झाली आणि ते ती जिंकले. हे रोज तिच्याकडे न बघता वर जातात, आणि ते न बघणं खालच्या मजल्यावरूनही दिसतं. हसू कुणाला? जाऊबाई कुठेही गेल्या की लोक अजून झटकन उभे राहतात. माझ्यासाठीही राहतात, पण आधी शेजारच्याकडे बघून. माझ्याही पोटात दुखतंच की.

पण आमची लेक सैन्यात डॉक्टर. पूल आपल्याकडे होता तेव्हा ती पलीकडच्या दवाखान्यात गेली. मग पूल गेला, आणि ती जखमींसकट तिकडेच अडकली. आता समोरच्यांचा निरोप आलाय : सैन्य जुन्या हद्दीत न्या, अडकलेल्यांना आम्ही वाट देतो. उत्तर आज संध्याकाळपर्यंत हवं.

आणि हे दुपारभर चित्रासाठी उभे!

"पुलाचं काय?" ह्यांनी मान न हलवता सेनापतींना विचारलं. मान हलली की चित्रकार ओरडायचे.

"पूल, साहेब... तूर्त त्यांच्याकडून वापरात आहे." सेनापती मांडीवरच्या टोपीची शिवण तपासत होते.

"तूर्तच ना? मग झालं तर. आणखी दोन तुकड्या पाठवा."

"आणि पोरीचं काय?" मी विचारलं.

"ती शूर आहे."

"आहेच. पण भूल द्यायचं औषध संपलंय तिच्याकडचं. तसंच कापतेय, फोनवर म्हणाली."

ह्यांचा चेहरा उतरला. लेकीला काटा मोडला तरी हे तोंड फिरवायचे, तो चेहरा. आता हो म्हणतील असं वाटलं, तेवढ्यात सेनापतींना कुठून बुद्धी झाली कोण जाणे.

"मोठ्या साहेबांचाही फोन होता. म्हणाले, खुशाल मागे या. लोकांशी मी बोलतो, माझं ऐकतील."

झालं! ह्यांची हनुवटी पुन्हा चित्रातल्याइतकी वर गेली.

"दादा बोलणार? म्हणजे शिव्या खायच्या मी, आणि पोरं घरी आणली कुणी, तर दादांनी! लहानपणी माझा पतंग झाडात अडकला तरी काढून द्यायला दादाच पुढे. चित्रकार, पूल राहू दे. थोडा मोठा करा."

चित्रकारांनी निळ्या रंगाची नळी मुळापासून पिळली. काही आलं नाही. ते माझ्याकडे बघत राहिले, सेनापती टोपीत.

मी उठून ह्यांच्यापाशी गेले. गळपट्टीचं बटण इतकं आवळलेलं, की मानेवर लाल वळ उठला होता. ते मी सोडलं.

"अगं, हलायचं नाहीये," हे कुजबुजले.

"अहो, पूल गेला," मी म्हटलं. "दादा जिंकले होते. तुम्ही हरलात. आता आपल्या लेकीला घरी आणा."