बांध फोडायचा आहे

मी बांध बोलतोय. खाडी आणि शेत यांच्यामध्ये आडवा पडलेला, मातीचा. शेताकडेच्या घरात राहणाऱ्या भावाबहिणीच्या वडिलांनी मला घातलं. घमेल्यानं माती टाकली, पायानं तुडवली आणि म्हणाले, "आता समुद्राची काय बिशाद!" तेव्हापासून मी जरा ताठ्यातच असतो.

माझ्यासमोर खारफुटीचं दाट रान होतं. भरतीची लाट त्यात शिरली की तिचा सगळा जोर तिथेच जिरायचा. माझ्या पायाशी यायचं ते दमलेलं पाणी. कौतुक मात्र माझं व्हायचं, आणि मीही ते गुपचूप ऐकून घ्यायचो.

समुद्राचं पाणी वर्षागणिक चढू लागलं. वडिलांमागे धाकटा भाऊ मला दरवर्षी उंच करायचा. त्यासाठी माती काढायचा ती खारफुटीच्या मुळांतली, चिकट आणि पटकन बसणारी. मी वाढलो, रान विरळ झालं. नवी रोपं मागे सरकू पाहायची, पण पुढे खोल पाणी आणि मागे मी. बिचारी उभ्या उभ्या बुडाली. मला फार वाईट वाटायचं, पण मी हलणार कसा?

आता लाट थेट माझ्या अंगावर आदळते. गेल्या उधाणात मला भगदाड पडलं आणि पाणी घरात घुसलं. पिठाचा डबा तरंगत दारात आला.

दुसऱ्या दिवशी भाऊ फावडं घेऊन रानाकडे निघाला. ताई आडवी आली.

"अरे, पुन्हा तिथलीच माती? जे रान लाट अडवतं, तेच खणतोयस!"

"मग काय करू ताई? घर वाहून जाऊ देऊ?"

"घराजवळ नवा बांध घालू, वरच्या माळाच्या मातीचा. हे खालचं शेत रानाला सोडून दे."

"बाबांनी रक्त आटवलंय या शेतासाठी."

"माझेही बाबाच होते ना रे ते."

त्यानं फावडं खाली टाकलं. त्यानंतर किती दिवस दोघं यावरून भांडली. पण नवा बांध दोघांनी मिळून घातला.

आज तो मला फोडायला आलाय. ताई शेजारी उभी आहे. फावडं उचललंय, पण हात खाली येत नाही. डोळे भरलेत त्याचे.

घाल रे घाव, लेकरा. खारफुटीला आत येऊ दे. तुझ्या बाबांनी मला शेतासाठी नाही, तुम्हा दोघांसाठी घातलं होतं.