पाऊण लिटरची झारी

मोजण्याच्या बाबतीत माझा हात धरणारं आमच्या दुकानात कोणी नाही. दुकान पडद्यांचं. मी लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घेते आणि आजवर माझा एकही पडदा जमिनीपासून बोटभर वर राहिलेला नाही. मोठेपणा मिरवायला हे सांगत नाही. एवढं मोजणारी बाई स्वतःच्या घरात कशी चुकली, ते कळावं म्हणून सांगते.

वडिलांची मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातली. दिवसाला एक लिटर, चहा-दूध सगळं धरून. त्याहून जास्त झालं तर ते अंगात साठणार, फुप्फुसात उतरणार आणि माणूस बसल्या जागी गुदमरणार. मी लिटरची बाटली आणली, तिच्यावर काळ्या मार्करने दहा रेघा ओढल्या आणि गॅलरीत त्यांच्या खुर्चीशेजारी ठेवली. मला दिवसभर कामावर जावं लागे, म्हणून नळाला हात लावायचा नाही असा त्यांच्याकडून शब्द घेतला.

"नाही लावणार," ते म्हणाले. "एकदा सांगितलं ना."

त्यांचा शब्द म्हणजे शब्द. चाळीस वर्षं त्यांनी रोपवाटिकेत काढली आणि तिथे सगळे त्यांना पाठीमागे 'दुष्काळ' म्हणत. कारण होतं बोगनवेल. तिला फुलवायचं तर ताण द्यावा लागतो, म्हणजे पाणी तोडावं लागतं. पानं माना टाकेपर्यंत थांबायचं, मग एकदाच पाणी द्यायचं, की ती कळ्या धरते. रोज पाणी मिळत राहिलं तर नुसती पानं काढत बसते. सुकलेल्या कुंड्या बघून गिऱ्हाईकं हळहळत आणि वडील त्यांनाच दरडावत, "तिचे लाड करू नका. तिला तहान कळू दे."

निवृत्त झाले तेव्हा त्यांनी एक बोगनवेल घरी आणली. गॅलरीत अर्ध्या कापलेल्या पिंपात लावली आणि छाटून छाटून तिचं कमरेएवढं झुडूप केलं. राणी रंगाची होती. कोणी 'काय सुंदर फुलं आहेत' म्हटलं की ते लगेच सांगत, ती फुलं नाहीत, रंगीत पानं आहेत. फूल म्हणजे आतलं ते पांढरं, मुगाएवढं. दुसऱ्याच्या आनंदावर विरजण घालायची त्यांना खोडच होती.

ते आजारी पडल्यावर झाड माझ्याकडे आलं आणि मी त्याला रोज पाणी घालू लागले. ताणाचं मला माहीत नव्हतं असं नाही, जन्मभर तेच ऐकत आले होते. पण घरात एका माणसाला तहानलेलं ठेवायचं आणि वर झाडालाही, हे माझ्याच्याने होईना. त्यांना देता येत नव्हतं ते मी झाडाला देत होते. झाड वर्षभर हिरवंगार राहिलं आणि त्याला एकही फूल आलं नाही.

"बुडवतेस तू तिला," वडील खुर्चीतून म्हणत.

"बुडू दे," मी म्हणे.

दिवसभर त्या बाटलीकडे बघत बसण्यापलीकडे त्यांना काही काम नव्हतं. माणूस अशाने खचेल असं मला वाटलं, म्हणून मी एके दिवशी जाहीर केलं की उद्यापासून झाडाला पाणी तुम्ही घालायचं. कामावर निघताना मी छोटी पत्र्याची झारी भरून खुर्चीजवळ ठेवीन. पाऊण लिटरची झारी, मीच मोजली होती. ते लगेच तयार झाले. रोज पाणी घालायचं, आणि तेही ताणाबद्दल चकार शब्द न काढता, याचं मला तेव्हाच नवल वाटायला हवं होतं. मला वाटलं, वयाने मवाळ झाले.

आठवड्यातून तीनदा त्यांना डायलिसिसला न्यावं लागे. तिथली तंत्रज्ञ बाई यंत्राला जोडण्याआधी वजन करायची. दोन दिवसांत दोन किलो वाढायचं ते आता साडेतीन किलो वाढू लागलं.

"दीड किलो जास्त आहे," ती म्हणाली. "पाणी कुठून तरी जातंय, ताई. लक्ष ठेवा."

मी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं. बाटलीच्या रेघा तपासल्या, मीठ आणखी कमी केलं. खालच्या मजल्यावरच्या काकू दुपारी त्यांची विचारपूस करायला येत. त्याच चोरून सरबत पाजतात असं मी धरून चालले आणि जिन्यात त्यांना नाही नाही ते बोलले. काकू रडत घरात गेल्या. वडिलांवरही तोंड सोडलं. ते मान खाली घालून ऐकत. त्यांच्या पायावर बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा.

सहा आठवड्यांनी बोगनवेल फुलली. फांदी न् फांदी अशी भरली की पान दिसेना. सकाळी गॅलरीचं दार उघडलं आणि मी तिथेच उभी राहिले. कितीतरी महिन्यांनी मला त्या घरात बरं वाटलं.

"बाबा, तुमच्या हाताला यश आहे," मी म्हणाले.

त्यांनी तिकडे पाहिलं नाही. ती फुलं नाहीत, असंही म्हणाले नाहीत.

त्याच दिवशी, वडील यंत्राला जोडलेले असताना, मी मोबाइलवरचा फोटो त्या तंत्रज्ञ बाईला दाखवला.

"आमच्या फाटकावर आहे अशीच," ती म्हणाली. "गेल्या वर्षी मोटर जळली, तिला महिनाभर थेंब मिळाला नाही, तेव्हा अशी फुलली होती. तुम्ही पण पाणी तोडलंत वाटतं?"

"छे. रोज पाऊण लिटर घालतो," मी म्हणाले, आणि बोलता बोलताच मनात बेरीज झाली. पाऊण आणि पाऊण दीड. दोन दिवसांचं दीड लिटर, दीड किलो.

घरी आल्यावर त्यांना खुर्चीत बसवलं आणि पिंपातल्या मातीत बोट खुपसून पाहिलं. जाईना. माती पिंपाच्या कडेपासून सुटून आली होती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पहिल्या दिवशी एकच घोट घेतला होता," ते म्हणाले. मग म्हणाले, "तळाचं तिला घालत होतो. आणि नळाला हात लावलेला नाही मी."

"मरायचंय का तुम्हाला?"

"तहान लागते गं," ते म्हणाले. चाळीस वर्षं झाडांना ताण देणारा माझा बाप हे असं म्हणाला, आणि मला त्यांचा राग आला. कीव नंतर आली. तेव्हा फक्त राग आला. मी झारी उचलली आणि कपाटावर मागे सरकवून ठेवली.

त्यानंतर अडीच महिने त्यांचं वजन एकदाही चुकलं नाही. तंत्रज्ञ बाई माझं कौतुक करायची. वडील रेघेगणिक घोट घ्यायचे, पाणी तोंडात धरून बसायचे आणि बऱ्याच वेळाने गिळायचे. मी काकूंची माफी मागितली, त्यांनी ती दिलीही. वडिलांची मागायला हवी होती, पण मी बरोबर होते ना, मग माफी कशाची मागणार.

एका बुधवारी दुपारी त्यांचं हृदय बंद पडलं. पाण्याने नाही. डॉक्टर म्हणाले, हे कधीही होणारच होतं, तुम्ही कशातच कमी पडला नाहीत. मी त्या वेळी कोणाच्या तरी दिवाणखान्यात टेप धरून उभी होते. काकूंचा फोन आला आणि मी धावत घरी गेले. ते खुर्चीतच होते. बाटलीत दोन रेघा पाणी शिल्लक होतं. संध्याकाळसाठी राखून ठेवलं होतं त्यांनी.

ते पाणी मी ओतू शकले नाही. तीन दिवस बाटली तशीच होती. चौथ्या दिवशी मी ते बोगनवेलीला घातलं, मग स्टूल घेऊन कपाटावरची झारी खाली काढली.

आता झाड पुन्हा हिरवंगार आहे. पानं नुसती ओसंडतात. परवा काकू वर आल्या होत्या, पिंपाकडे बघून म्हणाल्या, "अगं, थोडं पाणी तोड. बघ कशी फुलेल."

"हो," मी म्हणाले, आणि त्या गेल्यावर झारी भरून घेतली. पाऊण लिटर, काठोकाठ. ती ओतून झाल्यावर आणखी एक भरली.