एकवीस की तेरा

"एकवीस मीटर," दादा म्हणाला आणि शिवत असलेल्या दोरीची गाठ ओढून बसवली.

धाकटा भाऊ वर्कशॉपच्या दारात पाय हलवत उभा होता. त्याला हे ऐकायचं नव्हतं. पतंग बनवणाऱ्या कंपनीच्या माणसानं त्याला तेरा मीटरच्या दोऱ्या सांगितल्या होत्या. ज्यावर उभं राहून शर्यत करतात त्या हायड्रोफॉइलच्या फळीखाली पंख असतो. वेग आला की फळी पाण्यातून वर उचलली जाते, मग पाणी तिला अडवत नाही. अशा फळीला ओढणाऱ्या पतंगाला लांब दोऱ्या हव्यात कशाला? आखूड दोऱ्यांचा पतंग हाताशी राहतो, चटकन वळतो. धाकट्यानं हे सगळं पाठ केल्यासारखं सांगितलं.

दादानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्यातलं काहीच खोटं नव्हतं. जोराचा वारा असता तर त्यानंही तेराच सांगितले असते. पण उद्याची शर्यत दुपारची होती, आणि या दिवसांत दुपारी पाण्यालगतचा वारा मरतो. वर तेवढा थोडा धुगधुगत असतो. तिथवर पतंग पोचवायचा तर दोरी लांब हवी. शिवाय मंद वाऱ्यात ओढ यायची तर पतंगाला आकाशात मोठा फेरा मारू द्यावा लागतो. तेरा मीटरमध्ये फेरा सुरू होतो न होतो तोच संपतो.

"फळी वर आली की तू म्हणतोस ते बरोबर," तो म्हणाला. "पण ती वर यायलाच वारा नसला तर?"

"दादा, तुझ्या वेळच्या फळ्या वेगळ्या होत्या."

दादा बावन्न वर्षांचा होता. गुडघा कामातून गेल्यापासून तो पाण्यात उतरला नव्हता. आईवडील गेले तेव्हा धाकटा नऊ वर्षांचा होता. त्याला वाढवलं दादानं, त्याच्या हातात पतंगाची दांडी पहिल्यांदा दिली तीही दादानं. पुढे धाकट्यानं किनाऱ्यावर पतंगाची शाळा काढली, बक्षिसं मिळवली आणि मागच्या शेडमध्ये दादाचं वर्कशॉप बसवून दिलं. धाकट्याचं ऐकून सगळा किनारा त्याला दादा म्हणू लागला, वयानं मोठे असलेलेसुद्धा.

दादाच्या हाताला तोड नव्हती. नवी दोरी ताणाखाली लांबते, म्हणून तो ती आधी वजन लावून टांगून ठेवायचा आणि मगच मोजायचा. चार दोऱ्यांत नखाएवढाही फरक राहिला तर पतंग एका अंगाला झुकतो. त्याच्या दोऱ्यांवरचा पतंग कधी झुकला नव्हता. नवं कुणी आलं की तो आधी वजन विचारायचा, मग फळी, मग कुठल्या वेळी उतरणार ते, आणि मगच लांबी सांगायचा. लोक ऐकायचे.

त्या दिवशी त्यानं दोन्ही संच तयार केले. दुसऱ्या दिवशी तेराचा धाकट्याला दिला, एकवीसचा आपल्या खांद्याला अडकवला.

शर्यत सुरू झाली तेव्हा वारा बरा होता. धाकटा पहिल्या वळणाला सगळ्यांच्या पुढे होता. फळी पाण्यावर हातभर उचललेली, पतंग डोक्यावर पाखरासारखा वळत होता. आपण चुकलो, असं दादाला वाटलं आणि खरं सांगायचं तर बरंच वाटलं. पण लांबच्या बोयापाशी वारा पडला. धाकट्याची फळी पाण्यात बसली. त्यानं पतंग डावीउजवीकडे फिरवून पाहिला, पण ओढ येईना. मग दोऱ्या सैल झाल्या आणि पतंग पाण्यावर आपटला. लांब दोऱ्यांवाले आकाशात रुंद फेरे मारत, रखडत का होईना, त्याच्या बाजूनं निघून गेले. धाकट्याला बोटीनं आणलं. अंगाभोवती ओल्या दोऱ्यांचा गुंता झालेला होता.

किनाऱ्यावर वर्तमानपत्रांची माणसं होती. कंपनीचा माणूसही होता. एकानं विचारलं, एवढ्या मंद वाऱ्यात तेरा मीटर का निवडले?

"तेच मीही विचारतोय," कंपनीचा माणूस म्हणाला. "तेराच्या दोऱ्या दिल्या कुणी?"

धाकट्यानं त्याच्याकडे पाहिलं. पुढच्या हंगामाचं कंत्राट या माणसाच्या सहीवर अडलेलं होतं. मग त्यानं दादाकडे पाहिलं.

"दादानं," तो म्हणाला.

सगळे वळले. दादाच्या खांद्यावर एकवीसचा संच तसाच होता. पण दोऱ्या गुंडाळलेल्या असल्या की त्यांची लांबी कुणाला दिसत नाही.

"हो," दादा म्हणाला. "मीच दिल्या."

घरी बायकोनं विचारलं, "का कबूल केलंत?"

"त्याचा चेहरा तू बघितला नाहीस."

"आणि त्यानं तुमचा बघितला का?"

त्यानं खांद्यावरचा संच उतरवून खुंटीला लावला.

पंधरा दिवसांत वर्कशॉपकडे येणारी पावलं कमी झाली. ज्यांना त्यानं वर्षानुवर्षं लांब्या सांगितल्या होत्या ते आता दुसरीकडे विचारून येत आणि नुसता आकडा सांगत. मग एका सकाळी धाकटा आला. बसला नाही. कंत्राट झाल्याचं त्यानं सांगितलं, दादानं वेळेला सांभाळून घेतलं असंही म्हणाला. मग इकडचं तिकडचं बोलत मुद्द्यावर आला. यापुढे सगळं सामान कंपनीचंच वापरायचं होतं. दोऱ्या तयार कापून येणार होत्या. शेडमध्ये फळ्या ठेवायच्या होत्या.

"कंपनीचं म्हणणं..." तो अडखळला. "म्हणजे, त्या दिवशी जे झालं त्यानंतर..."

"मी चुकीच्या दोऱ्या दिल्या, त्यानंतर."

धाकटा जमिनीकडे बघत राहिला. "मी काय सांगणार होतो त्यांना?"

"खरं सांगता आलं असतं," दादा म्हणाला. आवाज चढला नव्हता. हातातली सुई त्यानं डबीत ठेवली आणि झाकण लावलं. अर्ध्या दिवसात शेड रिकामी झाली.

पुढे तो गावात एका पडद्यांच्या दुकानात लागला. दुकानदार माप सांगे, दादा कापी. पहिल्याच आठवड्यात त्यानं एका गिऱ्हाइकाला खिडकी किती उंचीवर आहे असं विचारलं, तेव्हा दुकानदारानं त्याला बाजूला घेऊन सांगितलं की इथे आकडा मिळेल तेवढं कापायचं. तेव्हापासून तो कुणाला काही विचारत नसे.

एकदा पावतीवर सात फूट लिहून एक वयस्कर बाई आल्या. दादानं कापड टेबलावर पसरलं, कात्री लावली आणि थांबला. दुकानदार फोनवर होता.

"हे धुतल्यावर आखडतं," दादा हळूच म्हणाला.

बाईंनी कापड बोटांत चुरून पाहिलं. मग चष्मा वर सरकवून त्याच्याकडे पाहिलं.

"मग तुम्ही सांगा," त्या म्हणाल्या. "किती घेऊ?"

दादानं खाली बघून कापडाची घडी उगाच दोनदा सरळ केली.

"वीतभर जास्त घ्या," तो म्हणाला, आणि कात्री पुढे सरकवली.