लिंबापासून चौथी

“साडेपाच फूट धर, भीमण्णा. तिला अवघडल्यागत व्हाय नको,” किशनराव म्हणाले.

भीमण्णा गवंड्याने टेपचे टोक गुलाबाच्या बुंध्याशी दाबून धरले होते. “सायब, फरशी वरून बसायलीय. आत कशाला अवघडतंय?”

“तरी बी धर.”

शेजारच्या मातीवरचे गवत काढत बसलेल्या गुंडेरावचे खुरपे थांबले.

“शहाबादी फरशी सांगिटलीय, गुंडेराव,” किशनराव त्याच्याकडे वळून म्हणाले. “वर नाव. मल्लेश्वरी किशनराव. परवा चार वर्षं व्हायलीत तिला. त्याच दिशी बसवायची. कशी दिसंल?”

“चांगली दिसंल,” गुंडेराव म्हणाला आणि मान खाली घातली.

किशनराव बसस्टँडवर कंट्रोलर होते. तीस वर्षे माइकवरून उदगीर, भालकी, हैदराबादच्या गाड्या पुकारून आता घरी बसले होते, पण आवाज काही घरी बसला नव्हता. हळू बोलायचे म्हटले तरी ते फाटकापर्यंत ऐकू जायचे. गुंडेराव पुरसभेच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, मसणवट्याचा राखणदार. फाटकाच्या कमानीवर कानडीत ‘रुद्रभूमी’ असे लिहिले होते. आत कोण कुठे आहे हे विचारायला गाव गुंडेरावकडेच येई. दगड नसलेल्या मातीही, म्हणजे पुरल्यावरचे नुसते उंचवटेही, तो बोट दाखवून सांगायचा. आजोबा कुठे, पणजी कुठे. त्यात तो कधी चुकला नव्हता.

आणि त्यालाच ठाऊक होते की, भीमण्णा मोजत होता त्या मातीखाली मल्लेश्वरी नव्हती. तिथे नागूबाई होती. गुंडेरावची बायको.

कोरोनाच्या दुसऱ्या फेऱ्यात, मे महिन्यात, पुरसभेने जेसीबीने लिंबापासून ओळीने खड्डे पाडून ठेवले होते. तिसऱ्या खड्ड्यात दोन फुटांवर जांभा खडक लागला. तो खड्डा लगेच बुजवून जमिनीसारखा सपाट केला. चौथ्यात सकाळी मल्लेश्वरी आली, पाचव्यात त्याच दिवशी संध्याकाळी नागूबाई. दोघींनाही गुंडेरावनेच खाली उतरवले. अंगात किट, तोंडावर वाफ धरलेली काच. नागूबाईच्या वेळी फाटकाशी पुढची गाडी हॉर्न देत होती. तो तिच्याशी एक शब्दही बोलला नाही. बोलला असता तरी काचेच्या आतच राहिला असता.

किशनराव तेव्हा बिदरला ऑक्सिजनवर होते. गाडीवाल्याने त्यांना फोनवर सांगितले, ‘लिंबापासून चौथा खड्डा.’ महिन्याने ते काठी टेकत आले आणि त्यांनी माती मोजल्या. पहिली, दुसरी, मग बुजवलेल्या जागेवरून पाय पुढे टाकून तिसरी, चौथी. चौथी माती पाचव्या खड्ड्याची होती. गुंडेराव त्या पंधरवड्यात स्वतःच तापाने घरी पडून होता. कामावर परतला तेव्हा नागूबाईच्या उशाशी दोन गुलाब लागलेले होते आणि एक परका माणूस तिला तांब्याने पाणी घालत होता.

त्याच दिवशी सांगायला हवे होते. माणूस आत्ताच दुखण्यातून उठलाय, उद्या सांगू, असे त्याने ठरवले. दुसऱ्या दिवशी तो सांगायलाच गेला आणि लिंबाआड थबकला. किशनराव मातीशी बोलत होते.

“आज अंबाडीची भाजी केली गं. तू डाळ आधी घालत हुतीस का मागून? मी मागून घातली. कच्ची ऱ्हायली.”

गुंडेराव परत फाटकाजवळच्या आपल्या खोलीकडे आला. रात्री त्याला जेवण गेले नाही. नागूबाई कायम म्हणायची, “मुडद्यांसंगं राहून मुडद्यागत झालाव तुमी. घरी आल्यावर तरी एक शब्द बोला की. काय झालं, कोन आलतं, काय बी.” तो म्हणायचा, “काय बोलायचं?” आणि ताट ओढून घ्यायचा. अठ्ठावीस वर्षे तिने त्याच्या बोलण्याची वाट पाहिली. आता दुसऱ्याच कुणाचा तरी नवरा तिला भाजी कच्ची राहिल्याचे सांगत होता, आणि ती ऐकत होती.

सांगितले तर ते बंद होईल. नाही सांगितले तर रोज ऐकावे लागेल. त्याला दोन्ही सोसवेना.

मग तो बारीकसारीक खोड्या करू लागला. किशनराव यायच्या वेळी नळाची चावी फिरवून ठेवायचा आणि सांगायचा, “आज पानी न्हाई सायब.” किशनराव दुसऱ्या दिवसापासून घरून दोन कॅन भरून आणू लागले. फाटक साडेसहाऐवजी सहाला लावू लागला, तर किशनराव अर्धा तास आधी यायला लागले. एकदा त्याने गुलाबाची उमललेली कळी खुडली आणि दिवसभर खिशात ठेवली. संध्याकाळी किशनराव मातीला म्हणाले, “एक फूल कुनी तरी नेलं गं. नेऊ दे. कुनाला तरी आवडलं आसंल.” गुंडेरावला त्या माणसाचा इतका राग आला की, त्याने खुरपे भिंतीवर फेकून मारले.

दिवाळीला लेक प्रियंका आली होती. बायका आत येत नसत, म्हणून ती फाटकातूनच लिंबाकडे हात जोडून उभी राहिली. गुलाब बघून म्हणाली, “कुनाचं हाय हो अप्पा ते? किती मायेनं ठिवलंय. न्हाई तर तुमी. रोज हितंच असताव, आईला एक फूल तरी घातलाव का?”

गुंडेरावने खुरपे उचलले आणि तो लिंबाकडे गेला.

त्याने एकच केले होते. तिसऱ्या मातीवर, खऱ्या मल्लेश्वरीवर, चार वर्षांत गवत वाढू दिले नव्हते. तेवढे तरी आपल्या अंगावर आहे असे त्याला वाटे.

चार वर्षे भरली त्या दिवशी सकाळी भीमण्णाने ऑटोतून फरशी आणली आणि लिंबाला टेकवून ठेवली. कोरलेल्या अक्षरांत काळा रंग भरला होता. गुंडेरावने ती अक्षरे एकदा वाचली. परत वाचली. ही फरशी बसली की नागूबाई कुठेच नाही. पुरसभेच्या वहीत तिची नोंद पाचव्या खड्ड्याला होती, त्याच्याच हाताची; पण वही कोण उघडतो? प्रियंकाची पोरे उद्या आजीला हात जोडायला आली, तर मल्लेश्वरीला जोडून जातील.

किशनराव नवे धोतर नेसून आले. भीमण्णाने चुना कालवला.

“सायब,” गुंडेराव म्हणाला, “फरशी हितं नका बसवू.”

“कामून?”

“ही माजी हाय.”

“आरं, जागा पुरसभेची हाय. मी अर्ज दिलाय, सही झालीय.”

“जागा न्हवं,” गुंडेराव म्हणाला. “बायको.”

मग त्याने सांगितले. जांभा, बुजवलेला खड्डा, सकाळ, संध्याकाळ. एवढे सलग तो आयुष्यात बोलला नव्हता. किशनराव ऐकता ऐकता बोटाने लिंबापासून मोजत होते. बुजवलेल्या जागेवर त्यांचे बोट थांबले. तिथे दोन मातींमध्ये अंतर जरा जास्त होते. चार वर्षे ते त्या अंतरावरून चालत आले होते.

“मग ती कुठं हाय?”

“ही शेजारची. गवत येऊ दिलं न्हाई मी.”

किशनराव हळूच खाली बसले. “तुला पयल्यापासून ठाऊक हुतं?”

“व्हय.”

“मग बोलला कामून न्हाईस?”

गुंडेरावने गुलाबाच्या बुंध्याशी उगवलेली गवताची काडी उपटली. “तुमी चांगलं बोलत हुताव तिच्यासंगं. मला येत न्हाई तसं.”

किशनरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “तू ऐकत हुतास?”

“तुमचा आवाज फाटकापस्तोर येतोय, सायब.”

“धाकट्या सुनंचं सांगिटलं ते बी?”

“ते बी.”

“मी रडलो ते?”

गुंडेरावने लिंबाला टेकवलेली फरशी उगाच सरळ केली.

“चुना घट्ट व्हायलाय,” भीमण्णा म्हणाला. “कुठं बसवू तेवढं सांगा.”

फरशी तिसऱ्या मातीवर बसली. किशनराव उठताना गुलाबांकडे बघत राहिले. “उन्हाळ्यात उपटलं तर जळतील. राहू दे तिलाच. मी दुसरं लावतो.” मग त्या मातीकडे बघून त्यांनी हात जोडले, चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलेला माणूस जोडतो तसे.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला ते दोन कॅन घेऊन आले. एका कॅनने त्यांनी फरशी धुतली, अक्षरांतली धूळ बोटाने काढली. मग दुसरा कॅन उचलला आणि सवयीने गुलाबांकडे वळले.

गुंडेराव खोलीच्या ओट्यावरून उठून भराभर आला. त्याने त्यांच्या हातातला कॅन धरला. “राहू द्या सायब. हितलं माजं मी बगतो.”

किशनरावांनी कॅन सोडला.

गुंडेरावने पाणी घातले. जास्तच घातले, आळ्यातून वाहून ते चपलांखाली आले. मग, इतकी वर्षे दुसऱ्याला बसताना पाहिले होते तसाच, तो उशाशी एक गुडघा उभा करून बसला. पलीकडे किशनरावांनी सुरुवात केली होती. “आज हैदराबादची गाडी दीड तास लेट. कुनाला ईचारायची सोय न्हाई. माझ्या टायमाला असं चाललं नसतं, मल्लेश्वरी…” आवाज तोच, बसस्टँडचा. हातभर अंतरावरच्या नागूबाईला तो न ऐकू यायचे काही कारण नव्हते.

गुंडेरावने घसा खाकरला.

“सायब, जरा हळू बोला,” तो म्हणाला. “आमी बोलायलोत.”

किशनराव थांबले. त्यांनी मान हलवली आणि फरशीकडे तोंड नेऊन, जवळजवळ कानात सांगावे तसे, पुढचे सांगू लागले.

गुंडेराव ओल्या मातीकडे बघत बसला. त्याने अजून तिच्याशी एकही शब्द काढला नव्हता.