लाळबाबांनी पुसलेली रेघ

पेट्रोल पंपामागच्या शेडमध्ये ड्रायव्हरांची झुंबड उडाली होती. हल्ली पोलीस रस्त्यात गाडी अडवून जिभेवर पट्टी फिरवत आणि लाळेवरून नशा ओळखत. नशा सापडली की लायसन्स गेलं. लाळबाबांकडे त्यावर तोड होती.

"पट्टीवर दोन रेघा उमटतात. वरची देहाची, खालची पापाची. आमचं चूर्ण चाखा, पापाची रेघ गुल."

दुकानातून आणलेली तसलीच पट्टी बाबांनी चेल्याच्या तोंडात घातली. खालची रेघ उमटलीच नाही. लोकांनी टाळ्या पिटल्या. चेला हसला, आणि हसतच राहिला.

रांगेत शाळेच्या बसचा ड्रायव्हर घाम पुसत उभा होता. गड्याने जन्मात विडी ओढली नव्हती. पण पट्टी चहा पिणाऱ्यालाही धरते, असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं. बस गेली तर घर कशावर चालणार? पुडी हातात पडते न पडते तोच त्याची थोरली बहीण येऊन ठाकली. ती डॉक्टर होती. फोनवर त्याने बेत सांगितला, तशी दवाखाना सोडून आली होती.

"खाल्लंस?"

"अजून नाही, ताई."

"मग तोंड मीट."

तिने बाबांच्याच डब्यातली पट्टी स्वतःच्या जिभेवर फिरवली. दोन ठळक रेघा आल्या.

"डॉक्टरीणबाई पापी निघाल्या की," मागून कुणी म्हणालं.

मग तिने वाटीत आपलीच लाळ काढून त्यात चिमूटभर चूर्ण कालवलं आणि दुसरी पट्टी बुडवली. खालची रेघ आलीच नाही.

"लाळ साफ असली की खालची रेघ उमटते. नशा असली की ती रेघ उमटतच नाही. बाबा, चूर्णात गांजा आहे."

बाबा म्हणाले, "गांजा नव्हे, वनस्पती."

तेवढ्यात एक ट्रकवाला झुलत आत आला. "बाबा, धन्य झालो. माझी रेघ गायब. पोलीससाहेब इतके खूश झाले, की ट्रकची किल्ली आपल्याजवळच ठेवून घेतली."

बाबा मागच्या दाराकडे सरकले. तिथे साहेब उभेच होते.

बसड्रायव्हरने पुडी त्यांच्या हाती दिली आणि आपणहून जीभ बाहेर काढली. दोन रेघा आल्या. साहेबांनी हात हलवला, "जा, पोरं वाट बघत असतील."

मंडळी, पट्टी खोटं बोलली नव्हती. तिचा अर्थ मात्र सगळ्यांनी चूर्ण विकणाऱ्यालाच विचारला. डोळ्यांनी बघा, पण अर्थ लावताना दुसऱ्या कुणाला तरी विचारा, ज्याला तुम्हाला काही विकायचं नाही.