वेणीचा फोटो

उर्मिलाचं डोहाळजेवण एक मेच्या रविवारी ठरलं. त्याच दिवशी महाराष्ट्र राज्य होणार होतं, म्हणून दिवस सगळ्यांनाच पसंत पडला. पण त्या दिवशी अख्ख्या ठाकूरद्वारात एक फोटोवाला मोकळा सापडणार नाही, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. आम्ही ठरवलेला स्टुडिओवाला सकाळीच शिवाजी पार्कला गेला होता. मी बोलवायला गेलो तर दाराला कुलूप.

उर्मिला माझी एकुलती एक मुलगी. तिची आई राजलक्ष्मी मार्गशीर्षात गेली. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण माहेरी आता मी एकटा. उर्मिलाच्या सासूबाई मनोरमाबाई प्रभादेवीला राहतात. त्यांनी आधीच बजावलं होतं, "बाईमाणूस नसलेल्या घरात मी तिला ठेवणार नाही. डोहाळजेवण तुमच्याकडे करा, संध्याकाळी टॅक्सीनं परत नेईन."

मी हो म्हटलं. पण उर्मिला येताना ट्रंक भरून घेऊन आली. एका दिवसासाठी कोणी ट्रंक आणत नाही.

सगळं चाळीतल्या बायकांनी केलं. शेजारच्या मीनाक्षीवहिनींनी मोगऱ्याची वेणी घातली, कंबरेखाली येईल एवढी. वेणी घातली की मुलीला आरशापुढं बसवून फोटो काढतात. पुढं पाठ आणि वेणी, आरशात चेहरा, दोन्ही एकाच फोटोत.

"फोटो नाही म्हणजे काय?" मनोरमाबाई म्हणाल्या. "एवढी फुलं काय नुसती सुकवायला आणली?"

"बाबांकडे कॅमेरा आहे की," उर्मिला म्हणाली.

"तो मोर्च्यांचा? त्यानं झेंडे काढा हो, व्याहीबुवा. माझ्या सुनेचा फोटो मला नीट हवाय."

मी गोदीच्या कचेरीत कारकून होतो. तिथल्या एका इंग्रज साहेबानं मायदेशी जाताना तो कॅमेरा मला विकला होता. सोबत तीन भिंगं. लांबचं भिंग लावून मी गॅलरीतून मोर्च्यांचे फोटो काढायचो. राजलक्ष्मी गेल्यापासून तो कपाटातून काढलाच नव्हता. का ते सांगता येत नाही. हात जात नव्हता, एवढंच.

मी काढला. आत कोरा रोल भरला. कपाटाच्या आरशापुढं उर्मिलाला पाटावर बसवलं आणि मोरीच्या कठड्याला पाठ टेकून उभा राहिलो. नेहमीच्या भिंगात आरसा अर्धाच येत होता. म्हणजे रुंद भिंग लावायला हवं. भिंग बदलताना राजलक्ष्मी दुसरं भिंग पदरात धरून उभी राहायची, धूळ बसू नये म्हणून. आता काढलेलं भिंग कुठं ठेवावं ते मला सुचेना. मी तसाच उभा राहिलो. शेवटी मनोरमाबाईंनी पदर पुढं केला.

"द्या इकडे. पाडणार नाही."

या कॅमेऱ्यात भिंगातून दिसत नाही. वरच्या लहान खिडकीतून बघायचं. खिडकीच्या मध्ये एक फिकट चौकोन असतो, त्यात माणूस दोनदा दिसतो. भिंगाची कडी फिरवत गेलं की दोन चेहरे एकावर एक येतात. आले की फोकस बरोबर. आरशाची चौकट जुळवून उपयोग नाही, कारण माणूस आरशापुढं जेवढा लांब, तेवढाच आरशाच्या मागं दिसतो. म्हणून मी उर्मिलाचा चेहरा जुळवला.

बोट दाबणार, तर पुन्हा दोन चेहरे. कडी फिरवली. जुळले. पुन्हा सुटले.

"आता काय झालं?" मनोरमाबाई.

"कॅमेरा बिघडलाय वाटतं. पडून होता ना."

"मी म्हटलंच होतं."

खात्री करावी म्हणून मी आरशाची चौकट जुळवली. ती जुळली आणि जुळलेलीच राहिली. परत चेहऱ्यावर आलो. चेहरा सुटला. म्हणजे कॅमेरा ठीक होता. उर्मिला हलत होती. पुढं, मागं, अगदी थोडी. बायका मागून वेणीच बघत होत्या, कोणाला कळलं नव्हतं.

मी कॅमेरा खाटेवर टाकला आणि तिला धरलं, तोवर ती माझ्या अंगावर कलंडलीच. हातपाय गार, कपाळावर घाम. मी खिडकीशी दाटलेल्या बायकांना बाहेर जायला सांगितलं, तिला कुशीवर झोपवलं, मीनाक्षीवहिनींकडून लिंबाचं सरबत मागवलं. खालच्या मजल्यावरचे डॉक्टर आले. त्यांनी नाडी बघितली, बाळाचे ठोके ऐकले.

"दोघंही ठीक आहेत. सकाळपासून काय खाल्लं हिनं?"

मीनाक्षीवहिनींनी सांगितलं. ओटी भरल्याशिवाय जेवायचं नाही, म्हणून तिला उपाशीच ठेवलं होतं.

"आधी हिला जेवू घाला," डॉक्टर म्हणाले. "ओटी कुठं पळून जात नाही."

मी दहीभात कालवून तिला भरवला. मनोरमाबाई भिंग पदरात धरून बघत होत्या.

"मी तिच्या शेजारीच उभी होते," त्या म्हणाल्या. "तुम्हाला तिकडून कसं कळलं?"

मी त्यांना कॅमेऱ्याच्या खिडकीतून बघायला दिलं. कडी फिरवायला शिकवली. त्यांनी बराच वेळ उर्मिलाकडे बघितलं.

"जुळली," त्या हळूच म्हणाल्या.

दुपारी उर्मिलाचा रंग परत आला. आरसा नको, असं मी म्हटलं. ती खाटेवर कुशीवरच होती. मीनाक्षीवहिनींनी वेणी खांद्यावरून पुढं आणून पोटावर ठेवली. मनोरमाबाईंकडून नेहमीचं भिंग घेऊन मी बदललं आणि फोटो काढला. वेणी आणि चेहरा दोन्ही आले.

संध्याकाळी जावई शरदचंद्र टॅक्सी घेऊन आले. ट्रंक खाली गेली. मी गॅलरीत मनोरमाबाईंना गाठलं.

"विहीणबाई, तिला राहू द्या."

"स्वयंपाक काय येतो तुम्हाला?"

"वरणभात. पोळ्या जाड होतात."

"अळिवाचे लाडू?"

"नाही."

"म्हणजे मला एक दिवसाआड यावं लागणार," त्या म्हणाल्या आणि कठड्यावरून खाली वाकल्या. "शरद! ट्रंक वर आण रे!"

"आई, आत्ताच तर खाली आणली!"

"मग रस्ता माहीत झाला असेल. आण."

ट्रंक वर आली. उर्मिला खाटेवर उठून बसली होती.

"बाबा, अळीव कुठं मिळतं ते तरी माहीत आहे का?"

"भुलेश्वरला मिळत असेल. उद्या जातो."